शेवटचे दोन दिवस आपले राहू द्या

चांदवड-देवळ्याच्या मतदारांनो, मतदान संपण्याच्या 48 तास आधी प्रचार थांबतो, भोंगे उतरतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच वेळी आणखी एक नियम लागू होतो, त्याकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं. जो या मतदारसंघाचा मतदार नाही, अशा बाहेरून आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याने आणि कार्यकर्त्याने मतदारसंघ सोडून जायचं असतं. त्यासाठी लॉज, मंगल कार्यालयं तपासली जातात. मला हा नियम फार आवडतो. निकालानंतर ज्याला इथल्या टँकरची वाट बघायची नाही, इथल्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन उभं राहायचं नाही, त्याने निदान शेवटी तरी गप्प बसावं, एवढंच या नियमाचं म्हणणं आहे.

हा नियम वाचवायला आता आपल्यालाच उभं राहावं लागेल. लॉजवरचा माणूस पोलिसांना सापडतो, खिशातल्या मोबाइलमध्ये मुक्कामाला आलेला सापडत नाही.

बाहेरच्यांनी मतदारांना शिकवायला येणं नवं नाही. ऑक्टोबर 2004 मध्ये 'गार्डियन' या लंडनच्या दैनिकाने असाच एक उद्योग केला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी बुश आणि केरी यांची लढत चालू होती. ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत आधीच्या निवडणुकीत अल गोर अवघ्या 324 मतांनी पुढे होते. दैनिकाने तिथल्या मतदारांची नावं-पत्ते आपल्या वाचकांना दिले आणि सांगितलं, लिहा यांना पत्रं. जॉन ल कारेसारख्या नामवंत कादंबरीकारानेही पत्र लिहिलं. ओहायोवाले भडकले. आम्ही कोणाला मत द्यायचं ते इंग्रजांनी सांगायचं? उपक्रम आवरता घ्यावा लागला आणि ती काउंटी गेली बुशकडे. हसू येतं खरं, पण त्या इंग्रजांच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. पत्राखाली सही होती. रागवायला समोर कोणीतरी माणूस होता.

आपल्याकडे येतं त्याखाली सही नसते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात कृत्रिम बुद्धिमत्तेचं तंत्र बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जाहीर केलं, की स्टॉइक नावाची इस्रायलमधली एक कंपनी खोट्या खात्यांवरून भारताच्या निवडणुकीबद्दल मजकूर पेरत होती. कोणत्या पक्षाविरुद्ध, ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर निम्मे वाचक इथेच खूश होतील आणि निम्मे चिडतील. प्रकार लवकर पकडला गेला, फारशा लोकांपर्यंत पोचलाही नाही. पण निवडणुकीत मजकूर पेरून देणं हा आता भाड्याने मिळणारा धंदा झाला आहे आणि गिऱ्हाईक कोण, हे आपल्याला कधीच कळत नाही. त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या रात्री, म्हणजे नेमक्या शांततेच्या काळात, मोठ्या नेत्यांच्या आवाजातल्या क्लिपा महाराष्ट्रभर फिरल्या. त्यातल्या बहुतेक यंत्राने घडवलेल्या आवाजाच्या असाव्यात, असा निष्कर्ष तथ्य तपासणाऱ्यांनी काढला. तोवर क्लिपा घराघरांत पोचल्या होत्या.

गोंधळ किती स्वस्तात होतो, हे तर आपण घरातच पाहिलंय. आपल्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात 2024 मध्ये एका पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि एका अपक्षाला मिळाली नुसती 'तुतारी'. आडनावही दोघांचं भगरे. त्या अपक्षाला लाखावर मतं पडली! ती सगळी चुकून पडली असं मी म्हणत नाही. पण हे उघड्यावर, नियमात बसून झालं. उद्या कोणी ठरवून, पैसे मोजून, आपल्या बोलीत हेच करायला बसला तर?

कायदा आहे की, असं कोणी म्हणेल. पक्षांनी परदेशी पैसा घेऊ नये, असा कायदा 1976 पासून होता. मार्च 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वेदांत समूहाच्या देणग्यांवरून भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही तो मोडल्याचं म्हटलं. पुढे काय झालं? 2016 मध्ये वित्त विधेयकातून 'परदेशी'ची व्याख्याच सैल केली गेली आणि 2018 मध्ये ती सवलत थेट 1976 पर्यंत मागे नेली गेली, तीही लोकसभेत चर्चेविना. तेव्हा त्या कुंपणाच्या भरवशावर झोपू नका.

आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. देवळा तालुक्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली, मंदिरासाठी म्हणून. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये तिथली निवडणूकच रद्द केली. बोली चारचौघांत झाली, व्हिडिओ फिरला, म्हणून ती सापडली. मोबाइलवरून लागणारी बोली कोणाला दिसणार?

दुबईला, अमेरिकेला गेलेल्या आपल्या मुलांवर माझा रोख नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे, त्यांना निवडणूक कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीने मतदार होता येतं. फॉर्म 6अ भरा आणि मतदानाला या. प्रत्यक्ष यावं लागतं, आणि ते बरंच आहे. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्यांचं मत गेलं, पण चुलत्याला फोन करून भांडायचा हक्क गेलेला नाही. खुशाल भांडा. फक्त स्वतःच्या तोंडाने बोला, कुठूनतरी आलेलं पुढे ढकलू नका.

आता मागणं. कांद्याचे ग्रुप, वडनेरभैरवच्या द्राक्षवाल्यांचे ग्रुप, भावकीचे, माजी विद्यार्थ्यांचे, भजनी मंडळाचे, बचत गटांचे, या सगळ्यांच्या अ‍ॅडमिननी पुढच्या प्रत्येक निवडणुकीत, मग ती ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, प्रचार संपेल त्या संध्याकाळी ग्रुप बंद करावा. 'फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील' ही सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहेच. मतदान संपलं की पुन्हा उघडा. त्या दोन दिवसांत कोणाला काही सांगायचंच असेल तर घरी जाऊन, ओट्यावर बसून सांगावं. आईच्या, आजोबांच्या मोबाइलवर काय आलंय ते नातवंडांनी शेजारी बसून बघावं आणि विचारावं, हे पाठवणारा कोण, कुठला, आपल्या ओळखीचा आहे का. सरपंचांनी हा विषय पुढच्या ग्रामसभेत घ्यावा, अ‍ॅडमिनची नावं तिथेच लिहून घ्यावीत. बाजारभाव तेवढा अ‍ॅडमिनने टाकत राहावा. तो नाही आला तर पहिला फोन मीच करीन.