साठ विरुद्ध शून्य, आणि बाजूला दोन

मॉरिशस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? निळा समुद्र, हनिमून पॅकेजच्या जाहिराती आणि फार तर ‘तिथेही मराठी माणसं आहेत’ ही आपली आवडती बातमी. कोकणातून एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांत राबायला गेलेल्यांची ती नातवंडं-पतवंडं. पण आज आपण त्या देशाचा निवडणूक निकाल बघणार आहोत. कारण हा निकाल वाचताना पहिला प्रश्न पडतो तो असा, की हरलेल्यांची मतं जातात तरी कुठे?

१० नोव्हेंबर २०२४ ला मॉरिशसमध्ये संसदेची निवडणूक झाली. थेट निवडून द्यायच्या जागा ६२. नवीन रामगुलाम यांच्या आघाडीला त्यातल्या ६० मिळाल्या. तोवर सत्तेत असलेले प्रविंद जगन्नाथ आणि त्यांच्या आघाडीला शून्य. आता मतांकडे बघा. जिंकलेल्यांना साठ टक्क्यांहून थोडी जास्त मतं होती आणि हरलेल्यांना पाव हिश्शाहून जास्त. म्हणजे साधारण दर चार मतदारांमागे एकाने जगन्नाथांच्या आघाडीला मत दिलं आणि त्याच्या बदल्यात निवडून आला एकही नाही.

मग उरलेल्या दोन जागा? त्या गेल्या ‘ओपीआर’ नावाच्या पक्षाकडे. हा पक्ष मुख्य मॉरिशस बेटावरचा नाहीच. तो आहे रॉड्रिग्सचा. मॉरिशसच्या पूर्वेला साडेपाचशेहून जास्त किलोमीटर दूर, जेमतेम १०८ चौरस किलोमीटरचं आणि चाळीस हजारांच्या वर वस्तीचं बेट. मतदारसंघ क्रमांक २१. देशाच्या यादीतला शेवटचा.

हे तिसऱ्यांदा झालंय

तुम्ही म्हणाल, एखाद्या वेळी येते लाट. पण १९८२ मध्येही मुख्य बेटावर ६०-० असाच निकाल लागला होता. १९९५ मध्येही तेच. आणि तिन्ही वेळा रॉड्रिग्सच्या दोन जागा ओपीआरकडेच गेल्या. तिकडे वारं कुठल्याही दिशेने वाहो, या बेटाने आपली दोन माणसं आपल्याच पक्षातून पाठवली.

इतके एकतर्फी निकाल लागतात त्याचं मोठं कारण पद्धतीत आहे. मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन जण निवडून येतात. मतदाराकडे तीन मतं असतात. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात तुम्ही किंवा घरच्यांनी मतदान केलं असेल, तर अंदाज येईल. बहुतेक लोक एकाच पॅनलची सगळी नावं घेतात. त्यामुळे एखाद्या ठिकाणी एका आघाडीचं पारडं थोडंसं जड असलं, की तिचे तिन्ही उमेदवार एकदम येतात. दुसऱ्या नंबरवाल्यांचे तिन्ही एकदम पडतात. वीस ठिकाणी असंच झालं की झालं ६०-०.

उलटही होतं. २०१९ मध्ये जगन्नाथांच्या आघाडीने सुमारे ३७ टक्के मतांवर ६२ पैकी ३८ जागा घेतल्या होत्या. तेव्हा याच पद्धतीने त्यांना तारलं आणि पाच वर्षांनी त्याच पद्धतीने साफ केलं. ती कुणाचीच सगेसोयरी नाही. जो पुढे असेल त्याला ती आणखी पुढे ढकलते, एवढंच.

‘बेस्ट लूझर’ म्हणजे काय रे भाऊ?

आता मॉरिशसच्या राज्यघटनेत हरलेल्यांसाठी एक सोय आहे आणि तिचं नावच ‘बेस्ट लूझर’. निकालानंतर पडलेल्या उमेदवारांतून जास्तीत जास्त आठ जणांना संसदेत घेतात. २०२४ नंतर विरोधी पक्षनेते झालेले जो लेजोंगार याच वाटेने सभागृहात आले. म्हणजे विरोधी बाकांवरचा मुख्य माणूससुद्धा निवडणूक हरलेला!

पण थांबा. ही सोय पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा देण्यासाठी केलेली नाही. ती समाजगटांचा तोल राखण्यासाठी आहे. उमेदवाराने अर्ज भरताना आपला समाज सांगायचा. पर्याय चार: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि या तिघांत न बसणारे सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’. तिथल्या मराठी माणसाची भाषा, मंडळं, गणपती सगळं वेगळं असलं तरी या रकान्यांत ‘मराठी’ नाही. तो ‘हिंदू’मध्ये मोजला जातो. आणि मोजणीचा आधार काय, तर १९७२ ची जनगणना. म्हणजे तुमच्या-माझ्या आईवडिलांच्या जन्माच्या आसपासचे आकडे!

समाज सांगायला नकार दिला तर उमेदवारी बाद व्हायची. ‘रेझिस्तान्स एक आल्टरनातिव्ह’ या छोट्या डाव्या संघटनेच्या लोकांनी हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत नेलं आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. तरी मूळ व्यवस्था आजही जागेवर आहे. पराभूतांच्या मतांचा प्रश्न तिने सोडवलेला नाही, कारण तो सोडवायला ती आलीच नव्हती.

शेवटच्या मतदारसंघाचा धडा

आता परत रॉड्रिग्सला जाऊ. इथली बहुसंख्य माणसं आफ्रिकी वंशाची, क्रिओल बोलणारी, कॅथलिक. १९६७ मध्ये त्यांनी पहिल्यांदा मतदान केलं. ती निवडणूक स्वातंत्र्याच्या प्रश्नावर लढली गेली. रॉड्रिग्सने जवळपास सगळी मतं स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला दिली. मोठ्या बेटावरच्या बहुसंख्याकांच्या राज्यात आपलं कोण ऐकणार, ही भीती होती. देश १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला आणि रॉड्रिग्स त्यात नको नको म्हणत आलं.

पुढे सर्ज क्लेर यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये ओपीआर उभा राहिला. स्वायत्ततेची मागणी वर्षानुवर्षं चालली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये संसदेने रॉड्रिग्सला स्वतःची प्रादेशिक विधानसभा देणारा कायदा केला. सप्टेंबर २००२ मध्ये पहिली निवडणूक झाली. या सभेच्या प्रमुखाला ‘मुख्य आयुक्त’ म्हणतात. आपल्याकडे आयुक्त म्हटलं की बदली होणारा अधिकारी आठवतो, पण हा लोकांनी निवडलेल्या सभेतून येणारा राजकीय नेता असतो. पाणी, मासेमारी, शेती, पर्यटन असे रोजच्या जगण्याचे विषय ही सभा बघते.

खरी गंमत तिच्या मतदान पद्धतीत आहे. बेटाचे सहा विभाग केलेत, प्रत्येकातून दोन जण. हे झाले बारा. पण मतदाराकडे आणखी एक मत असतं, ते उमेदवाराला न देता पक्षाला द्यायचं. या पक्षाच्या मतांवर अख्ख्या बेटासाठी काही जागा वेगळ्या वाटल्या जातात. आणि वाटताना बघितलं जातं की विभागांमध्ये कुणाला आधीच किती मिळाल्यात. ज्याचं ताट भरलंय त्याला मागून, ज्याचं रिकामं आहे त्याला आधी.

हे कसं ते आकड्यांत बघू. मतांचे आकडे मी सोयीसाठी धरलेत. समजा ‘अ’ पक्षाला १०० पैकी ५५ मतं आणि बारापैकी १० जागा मिळाल्या. ‘ब’ पक्षाला ४० मतं आणि दोनच जागा. आता प्रत्येकाच्या मतांना त्याच्या जागा अधिक एक या संख्येने भागायचं. ‘अ’चे झाले ५५ भागिले ११, म्हणजे ५. ‘ब’चे ४० भागिले ३, म्हणजे १३ च्या वर. पुढची जागा ‘ब’ला. आता त्याच्या तीन झाल्या, म्हणून ४० भागिले ४, म्हणजे १०. अजूनही ‘ब’च पुढे. असं करत पाच जागा वाटल्या तर पाचही ‘ब’ला जातात. शेवटी ‘अ’ १० आणि ‘ब’ ७. राज्य ‘अ’चंच, पण समोर दोन नाही, सात जण बसलेत.

आणि हे फक्त कागदावर नाही. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत ओपीआर आणि त्याचा जुना प्रतिस्पर्धी ‘मुव्हमां रॉड्रिग्ये’ यांच्यात अगदी हाच १०-७ असा निकाल लागला. मुख्य बेटाच्या पद्धतीने मोजलं असतं तर तोच निकाल १०-२ झाला असता.

मग सगळं छान छान?

तसंही नाही. सुरुवातीला या सभेत १८ जागा होत्या. २००२ मध्ये ओपीआर १० आणि मुव्हमां ८. २००६ मध्ये बरोबर उलट, मुव्हमां १० आणि ओपीआर ८. सत्ता बदलली, पण दोन्ही वेळा विरोधक भक्कम होते. २०१२ मध्ये मात्र गणित अडलं. ‘एफपीआर’ हा तिसरा पक्ष आत आला आणि प्रमाणाने वाटप करताना, विभागांमध्ये बहुमत मिळवलेल्या ओपीआरचंच बहुमत धोक्यात आलं. कायदा म्हणत होता की त्याचं बहुमत राखा. मग काय, जागाच वाढवल्या! अठराची सभा एकवीसची झाली: ओपीआर ११, मुव्हमां ८, एफपीआर २.

यावर बरीच चर्चा झाली आणि २०१६ मध्ये कायदा बदलला. बेटासाठीच्या वेगळ्या जागा सहाच्या पाच झाल्या आणि सभा १७ वर आली. त्याच दुरुस्तीत आणखी एक चांगली गोष्ट झाली. पक्षाने एका विभागात दोन उमेदवार दिले तर दोन्ही पुरुष किंवा दोन्ही स्त्रिया चालणार नाहीत. पक्षाच्या यादीतही दोन तृतीयांशाहून जास्त नावं एकाच लिंगाची नकोत.

दुसरी अडचण टिकण्याची. २०२२ मध्ये स्थानिक पक्षांच्या युतीने ओपीआरला सत्तेबाहेर काढलं आणि जॉन्सन रूसेटी मुख्य आयुक्त झाले. पण सतरा जणांच्या सभेत एक-दोघांनी बाजू बदलली तरी सरकार हलतं. २०२४ मध्ये निवडणूक न होताच सत्ता फिरली आणि ओपीआरचे फ्रान्सो ग्राँकूर त्या खुर्चीवर आले. आकड्यांत न्याय हवा असेल तर बहुमत काठावरचं असणार आणि काठावरच्या बहुमतात फोडाफोडीला वाव असणार. ही किंमत नाकारून चालणार नाही.

तरी मला वाटतं, ती किंमत परवडते. सरकार बदलून का होईना, प्रश्न विचारणारे लोक सभागृहात असतात. साठ विरुद्ध शून्यमध्ये विचारायचं कुणी?

ज्याच्या हातात, त्याला नको

मग हीच पद्धत अख्ख्या मॉरिशसला का नाही? सुचवून झालंय. दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश अॅल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्येच संसदेत मतांच्या प्रमाणात जादा जागा द्याव्यात असं सांगितलं. डिसेंबर २०१८ मध्ये जगन्नाथ सरकारने घटनादुरुस्तीचं विधेयकही आणलं. त्यात प्रमाणावर आधारित जागा होत्या आणि रॉड्रिग्सला दोनाऐवजी तीन खासदार मिळणार होते. पण तीन चतुर्थांश बहुमत जुळेना आणि विधेयक बारगळलं.

आता बघा नियतीचा खेळ. २०२४ नंतर एका आघाडीकडे तीन चतुर्थांशहून कितीतरी जास्त संख्या आहे. समाज सांगण्याच्या सक्तीविरुद्ध लढलेली ती ‘रेझिस्तान्स’सुद्धा याच आघाडीत आहे. निवडणूक पद्धत बदलण्याची भाषा या आघाडीनेही केली आहे. बदलायची ताकद पूर्ण हातात आहे. पण ती ताकद दिली कुणी? त्याच जुन्या पद्धतीने. आपल्याला ६० जागा देणारं यंत्र स्वतःच्या हाताने उघडून दुरुस्त करायला मोठं मन लागतं. आणि हरलेल्यांना दुरुस्ती हवी असते तेव्हा त्यांच्याकडे संख्या नसते. सगळीकडे हे असंच अडतं.

म्हणून रॉड्रिग्सकडे बघायचं. एका मतदाराने इथे संसदेसाठी मत दिलं तर ते जुन्या नियमाने मोजलं जातं, प्रादेशिक सभेसाठी दिलं तर नव्या. माणूस तोच, बेट तेच. तरी एका ठिकाणी हरलेल्या बाजूचं मत पेटीबरोबर संपतं आणि दुसऱ्या ठिकाणी ते सभागृहापर्यंत पोचतं.

तुमच्यापैकी अनेकांनी नुकतंच पहिलं मतदान केलं असेल किंवा करणार असाल. ‘आपला उमेदवार येणारच नाही, मग जायचं कशाला?’ हे वाक्य कट्ट्यावर तुम्हीही ऐकलं असेल. ते म्हणणारा आळशीच असतो असं नाही, त्याला नियम कळलेला असतो. त्यामुळे पुढच्या वेळी कुठलाही निकाल बघाल तेव्हा टीव्हीवरच्या जागांच्या आकड्यांवर थांबू नका. शेजारचा मतांच्या टक्क्यांचा रकाना शोधा आणि दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. त्यांच्यामध्ये जेवढं अंतर, तेवढी माणसं रांगेत उभी राहून, बोटाला शाई लावून, सभागृहाच्या बाहेर राहिलेली असतात.