जातिवंत पिलांची पैदास : एका घराचे नव्हे, वाडीचे काम

रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी चार-दोन कोंबड्या पाळण्याची चाल जुनी आहे. अंड्यांचा पैसा बहुधा घरातील बाईच्या हाती पडतो व त्यातून मीठमिरची, मुलांच्या वह्या असा किरकोळ खर्च भागतो. गावठी कोंबडी अंडी थोडी देते, म्हणून ऱ्होड आयलंड रेडसारख्या जातिवंत कोंबड्यांची पिले घरीच काढावी, अशी पुष्कळ कुटुंबांची इच्छा असते. इच्छा स्तुत्य आहे. परंतु एकेकट्या घराने ती पुरी करावयाची म्हटल्यास पदरी निराशा येण्याचाच संभव अधिक.

याचे पहिले कारण कोंबडा. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहते. शेजारचा गावठी कोंबडा एकदा कुंपण ओलांडून आला, तरी पुढील कित्येक अंड्यांची शुद्धता संशयास्पद ठरते. म्हणून माद्या जातिवंत नराबरोबर तीन आठवडे वेगळ्या ठेवल्यावरच उबवणीची अंडी गोळा करावी. कोकणातील परसे एकमेकांस लागून असतात. तेथे हे एकट्या घरास कसे साधावे? सर्व वाडीने एकाच जातीचे नर ठेवण्याचे ठरविले, तर मात्र कुंपणाचीही गरज उरत नाही. आठ-दहा माद्यांस एक नर पुरतो. जवळच्या नात्यातील संकर टाळण्यासाठी दुसऱ्या वाडीशी नरांची अदलाबदल करावी. गिरिराज, वनराज हे सुधारित पक्षी उपयुक्त असले, तरी ते संकरित आहेत. त्यांच्या पिलांत तेच गुण उतरत नाहीत, हे ध्यानी असावे.

जातिवंत कोंबड्या आणल्या म्हणून गावठी कोंबडी हद्दपार करणे मात्र शहाणपणाचे नव्हे. अधिक अंडी देणाऱ्या जाती सहसा खुडूक होत नाहीत. अंड्यांवर निष्ठेने बसावे ते गावठी कोंबडीनेच. उबवणी यंत्रास एकवीस दिवस अखंड वीज लागते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली व मंडणगड तालुक्यांतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. खुडूक कोंबडीस विजेची गरज नाही. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावी व ती एकाच दिवशी ठेवावी. अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ व आठवड्याच्या आतील असावीत. बसविण्यापूर्वी कोंबडीच्या अंगावरील उवा-पिसवांचा बंदोबस्त करावा. सातव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून अंडी तपासावी व निर्जीव अंडी काढून टाकावी.

हंगामाची निवडही महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात साठवणीतच अंडी बिघडतात. पावसाळ्यात ओल्या खुराड्यामुळे पिलांस रक्ती हगवण जडते. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. या काळात निघालेली पिले मृगापूर्वी अंगाने भरतात.

वाडीने एकत्र येण्याचे दुसरे कारण लस होय. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, एकदा शिरला की खुराडेच्या खुराडे रिकामे होते. पहिल्या आठवड्यात पिलांना लासोटा लस द्यावी लागते. तिची लहानात लहान कुपीही सहसा शंभर मात्रांची असते आणि विरघळविल्यावर ती थोड्याच वेळात वापरावी लागते. दहा पिलांसाठी ती कोण फोडणार? मग लस राहून जाते व जातिवंत पिले सर्वांआधी दगावतात. दहा घरांनी एकाच दिवशी कोंबड्या बसविल्या, तर एकच कुपी सर्वांस पुरते व पशुवैद्यकीय दवाखान्यातून ती बर्फावर आणण्याचे श्रमही सार्थकी लागतात. पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास दुसरी लसही अशीच एकत्र टोचून घ्यावी.

वाडीचे एकमत होणे कठीण, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु लावणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतावर राबणाऱ्या माणसांस कोंबड्याची जात व बसविण्याचा दिवस ठरविणे अवघड जाऊ नये. जातिवंतपणा विकत आणता येतो. तो टिकवावा लागतो शेजाऱ्याच्या साह्याने. ते साह्य नसेल तेथे गावठी कोंबडीच नीट सांभाळणे अधिक किफायतशीर होय.