पीआर बापाच्या हौसेचं, गणवेश पोराच्या अंगावर

मंडळी, आपल्याकडची बरीच पोरं आता सिंगापूरला आहेत. पीआर मिळालं की गावात पेढे वाटतात. पण त्या कागदाची एक अट कुणी सांगत नाही.

नोकरीच्या जोरावर स्वतः पीआर घेतलेल्या बापाला सैन्यसेवा माफ. मात्र त्याच्यामुळे पीआर झालेल्या मुलाला १८ पूर्ण झाली की २ वर्षं सैन्य, पोलीस किंवा नागरी संरक्षण दलात काढावी लागतात. नंतरही बोलावणं येत राहतं. टाळलं तर दंड, तुरुंग. सेवा न करता पीआर सोडलं, तर पुढे तिथे शिक्षण-नोकरी अवघड.

दुहेरी नागरिकत्व ना ते देतात, ना आपण. म्हणजे खिशात भारतीय पासपोर्ट आणि अंगावर दुसऱ्या देशाचा गणवेश!

यात सिंगापूरला दोष देण्यात अर्थ नाही. तिथल्या घरच्या पोरांनाही तोच नियम आहे. सवलती घ्यायच्या आणि वेळ आली की काढता पाय घ्यायचा, हे बरोबर नाही. प्रश्न आपल्या घरातला आहे. दोन वर्षांच्या पोराच्या वतीने सही करता ना? मग तो कळता झाला की त्याला समोर बसवून सगळं सांगा. नोटीस हातात पडल्यावर नको.