पाच आपल्या, एक परक्याची



भात झोडून झाले, पेंढा रचून झाला, की आमच्याकडे घराच्या डागडुजीची कामे निघतात. यंदा डागडुजी नाही, जुने घरच उतरवायचे ठरले आहे. भिवंडी तालुक्यात आता जिकडे पाहावे तिकडे गोदामे. भावकीतली निम्मी शेती त्यांत गेली. धाकट्याने रस्त्याकडेला पक्के घर बांधले, पण त्याला माळा नाही. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, कणगी चालली, जाते चालले. तुमच्या गाण्याच्या तबकड्यांपैकी पाच निवडा. बाकीचं सगळं फोनवर ऐकायला मिळतं."

पन्नासेक तबकड्यांतून पाच! पोरांतून लाडके पोर निवडा म्हटल्यासारखेच झाले. पण नातू वहीपेन्सिल घेऊन बसला. "आजोबा, नंबर लावा," म्हणाला. लावले.

आधी हा नाद लागला कसा, ते सांगतो. तरुणपणी भातकापणी उरकली की मी शहरात यंत्रमागावर कामाला जाई. मागाची खटखट अशी, की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येऊ नये. पाळी संपवून बाहेर आले तरी कानात तेच. मग काहीतरी गोड कानावर पडावे असे वाटे. पगारातले चार पैसे बाजूला टाकून मुंबईच्या चोरबाजारातून एक जुने यंत्र आणले आणि एकेक तबकडी जमवत गेलो.

पाचवा नंबर 'शोले'. चित्रपट १९७५ चा. गाण्यांची तबकडी सगळेच काढतात, पण याच्या संवादांची तबकडी निघाली आणि गावोगाव वाजली. लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर तीच, गणपतीत तीच. शाळेतला धडा पाठ न होणारी पोरे डाकूचे बोलणे घडाघडा म्हणत. हिला संगीत म्हणावे का, असा नातवाने वाद घातला. मी म्हटले, गावाने एकत्र बसून ऐकले ते ठेवायचे.

चौथा नंबर सुलोचना चव्हाणांच्या लावण्या. माझ्या आईला लावणीचे नाव काढलेले खपत नसे. "घरात लेकीसुना आहेत," म्हणून तिने तबकडी दोनदा कणगीमागे लपवली. पुढे कुणीतरी तिला सांगितले, की ही बाई डोक्यावर पदर घेऊन, एका जागी उभी राहून गाते. मग आई चुलीपुढूनच "जरा मोठ्याने लाव" म्हणू लागली. नुसत्या आवाजात सगळा ठसका उभा करणे सोपे नव्हे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या.

तिसरा नंबर बिनशब्दांचा. १९६७ साली शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार अशी तिघांची तबकडी निघाली, 'कॉल ऑफ द व्हॅली' नावाची. काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा एक दिवस त्यांनी वाजवून दाखवला आहे. पहाट अहिर भैरवाने उजाडते आणि रात्र पहाडीत उतरते. राग मला कुठे कळतात? पण ज्याने पहाटे गुरे सोडली आहेत, त्याला ही तबकडी कुणी समजावून सांगावी लागत नाही. संतूर हे काश्मीरचे लोकवाद्य. ते मैफलीत बसेल का, अशी शंका तेव्हा जाणकारांनाही होती. शिवकुमारांनी ते बसवले.

दुसरा नंबर भीमसेन जोशींची अभंगवाणी. आमच्या घरात पंढरीची वारी कुणी केली नाही, आवणीच्या दिवसांत शेत सोडता येत नाही. वडील म्हणत, "आषाढीला चिखलात उभे, तीच आमची वारी." एकादशीला संध्याकाळी ते हातपाय धुऊन यंत्रापुढे बसत आणि एक बाजू पूर्ण होईपर्यंत कुणाशी बोलत नसत. एका बाजूला वीसेक मिनिटे. तेवढीच त्यांची पंढरी.

पहिला नंबर गीतरामायण. यात वाद नाही. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीते झाली. रेडिओवर निरनिराळे गायक गायले, पुढे तबकड्या निघाल्या त्या बाबूजींच्याच आवाजात. माझ्याकडे संच नाही, त्यातली एकच सुटी तबकडी आहे. तेवढीही पुरते.

झाले पाच. नातवाने वहीवर रेघ मारली. तेवढ्यात सूनबाईंनी विचारले, "बाबा, मग पेटीतून सगळ्यांत आधी काढून मांडीवर ठेवली, ती कुठली?"

मंडळी, तीच सांगायची आहे. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी, पळसा-बोरीवर लाख धरते त्या लाखेची. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे. इस्माईल आझाद कव्वालांची, १९५८ च्या 'अल हिलाल' चित्रपटातली कव्वाली. ती यादीत नाही, कारण ती माझी नाही.

मागावर शेजारी एक उत्तरेकडचा गडी होता. डबा आम्ही एकत्र खात असू. ही त्याच्या बापाची तबकडी. "ले जा, सुन के वापस दे देना, अब्बा की निशानी है," म्हणून त्याने हातात दिली. ते वर्ष १९८४. मे महिन्यात भिवंडी पेटली. संचारबंदी उठली, पण त्याच्या मोहल्ल्यात पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. गावात लोक काय म्हणतील, हीही भीती होती. दोन महिन्यांनी गेलो, तर खोलीला कुलूप. मुलुखाला गेला म्हणाले. पत्ता विचारायला हवा होता, तोही विचारला नाही. हे लिहिताना आज चाळीस वर्षांनीही हात अडखळतो.

तबकडी धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. एवढ्या वर्षांत एकदाही वाजवली नाही.

सूनबाई ऐकून गप्प बसल्या. नातू म्हणाला, "मग शोधू या की!" दोघे मोटारसायकलवरून गेलो. चार गाळे फिरल्यावर एका म्हाताऱ्या जॉबरला ओळख पटली. गडी पुढल्याच वर्षी परत आला होता, म्हणे. दुसऱ्या मोहल्ल्यात राहिला, इथेच म्हातारा झाला आणि तीन वर्षांमागे वारला. मी हाकेच्या अंतरावर होतो, मंडळी. त्याचा मुलगा माग चालवतो. त्याला निरोप दिला. "शुक्रवारी या, माग बंद असतो," म्हणाला.

तर शुक्रवारी जाणार आहे. यंत्रही बरोबर नेणार. ७८ ची चाल असलेले यंत्र आता कुणाकडे असते? एकदा तिथे वाजवून त्याची वस्तू त्याच्या हाती देईन. बापाबद्दल त्याने काही विचारले तर माहीत असेल ते सांगेन, आणि मी का आलो नाही, तेही सांगेन.

जाता जाता कामाचे. तबकड्या भाकरीसारख्या एकीवर एक रचू नका, वह्यांसारख्या उभ्या ठेवा. पत्र्याखाली उन्हात ठेवल्या तर पापडासारख्या वाकतात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा.

आणि माळा आवरताना परक्याची वस्तू निघाली, तर ती पुन्हा गुंडाळून ठेवू नका. देणाऱ्याच्या हयातीत पोचती करा. मला तेवढे जमले नाही.