गडग्यापलीकडचे मांजर

कोकणातल्या वाडीत दोन घरांच्या परड्यांमधून जो जांभ्याचा गडगा गेलेला असतो, तो माणसांच्या मालकीची हद्द ठरवतो आणि गुरांनाही बहुधा अडवतो. मांजराला मात्र तो उन्हात बसून पलीकडच्या खुराड्यावर नजर ठेवण्याची सोयीची जागा वाटतो. एवढ्याशा गोष्टीवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत जे वितुष्ट उत्पन्न होते, ते हसण्यावारी नेण्याचा मोह वाचकाला होईल. तो त्याने आवरावा. कारण ज्या बाईच्या हाती अंडी आणि कोंबडे विकून आलेल्या पैशाखेरीज स्वतःचा म्हणावा असा पैसा क्वचितच येतो, तिने खुडूक कोंबडीखाली एकवीस दिवस अंडी राखून काढलेल्या पिल्लांपैकी चार एका आठवड्यात नाहीशी झाली, तर तिच्या लेखी ती येत्या वर्षाच्या मिळकतीची हानी असते.

वादाचे खरे मूळ किमतीत आहे. मांजराचा मालक पिल्लाची किंमत मोजायला तयार होतो आणि तेवढ्यावर आपण उदार ठरलो असे समजतो. कोंबडीवाली मात्र त्या पिल्लाची पुढे झाली असती ती अंड्यावरची कोंबडी हिशेबात धरते. दोघांचाही हिशेब आपापल्या परीने बरोबर असल्यामुळे तडजोड होत नाही. माझ्या मते येथे पैशाची भाषाच सोडून द्यावी आणि पिल्लाऐवजी त्याच वयाचे पिल्लू आणून द्यावे. म्हणजे वाढवण्याचे श्रम आणि जगण्यामरण्याची अनिश्चितता पूर्वी जिच्याकडे होती तिच्याकडेच राहते, आणि कोणी कोणाला लुबाडल्याची भावना उरत नाही.

अर्थात कसूर मांजराचाच होता, हे आधी सिद्ध व्हायला हवे. मुंगूस, उदमांजर, घूस, साप, भर दुपारी अंगणात झडप घालणारी घार आणि निमूटपणे एकेक पिल्लू उचलणारा कावळा, इतके आरोपी उपस्थित असताना केवळ गडग्यावर बसलेले दिसले म्हणून शेजारच्या मांजराला दोषी ठरवणे न्यायाचे नाही. पूर्ण वाढलेल्या कोंबडीच्या वाटेला पाळीव मांजर सहसा जात नाही. तेव्हा एका रात्रीत दोनतीन मोठ्या कोंबड्या मारलेल्या आढळल्या, तर फिर्याद दुसऱ्याच जनावरावर गुदरावी लागेल.

सरकारदरबारी दाद मागू म्हणणाऱ्यांची मात्र निराशा होते. 1871 च्या ज्या कायद्यान्वये मोकाट गुरे कोंडवाड्यात घालतात, त्याच्या व्याख्येत हत्ती आणि उंट आहेत, डुकरे आणि करडेही आहेत, पण मांजर नाही. उलट मांजराला इजा करणाऱ्यावर कायद्याची नजर आहे: जुन्या दंडसंहितेत असा गुन्हा होण्यास जनावर निदान दहा रुपये किमतीचे असावे लागे; भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 ने किमतीची ती अट काढून टाकली आणि जनावराला मारणाऱ्यास किंवा विष घालणाऱ्यास पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. एरवी मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते म्हणून भिणारी माणसेही रागाच्या भरात भातात विष कालवतात, आणि तो भात पुष्कळदा भलत्याच्याच कुत्र्याच्या अथवा खुद्द स्वतःच्या कोंबड्यांच्या पोटात जातो. पोत्यात घालून मांजर दूर सोडून येण्याची युक्तीही फारशी शहाणपणाची नाही. ते परत येते, अथवा मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरे येते.

इलाज आहे तो खुराड्यात. षट्कोनी छिद्रांच्या स्वस्त जाळीतून मांजराचा पंजा सहज आत शिरतो. तिच्याऐवजी अर्ध्या इंची वेल्डमेश लावावी, दाराला फिरकीऐवजी कडी घालावी, आणि पिल्ले दोन महिन्यांची होईपर्यंत दिवसाही डालग्याखाली अगर जाळीच्या आडोशाला राखावी. मांजरवाल्याने संध्याकाळचे अन्न तिन्हीसांजेला घरातच घालून मांजर सकाळपर्यंत कोंडावे आणि बोका असल्यास त्याची नसबंदी करून घ्यावी, म्हणजे त्याचे भटकणे पुष्कळ कमी होते. पोट भरलेले मांजर शिकार करीत नाही, ही समजूत मात्र खोटी आहे. गळ्यात घुंगरू बांधल्याने झाडावरचा पक्षी सावध होईल. डालग्यातले पिल्लू सावध होऊन जाणार कोठे?

2007 साली राज्याने तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा गावोगावी ज्या समित्या झाल्या, त्यांच्यापुढे असे तंटे नेण्यास हरकत नाही. फक्त एक विसंगती दूर करावी: कोंबड्या बायकांच्या, मांजराला दूधभात घालणाऱ्याही बायकाच, आणि बैठकीत बोलतात मात्र पुरुष, ज्यांना पिल्ले किती होती हेही पुष्कळदा ठाऊक नसते. त्या दोघींना समोरासमोर बसवावे.

आणि माझ्यापुढे फैसल्यासाठी असे प्रकरण आले, तर मी जाळीचा निम्मा खर्च मांजरवाल्यावर बसवीन, कारण उपद्रव त्याच्या घरून येतो. परंतु जाळी बसल्यानंतर जिने रात्री खुराड्याचे दार उघडे टाकले, तिची तक्रार दाखल करून घेणार नाही.