विश्लेषण : शाम्पू बदलला, केस तसेच! न्हाण्यात चुकते कुठे?

डिसेंबर २०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातून विचित्र तक्रारी येऊ लागल्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे डोके खाजायचे, मग केस हातात यायचे आणि काही दिवसांत टक्कल पडायचे. जानेवारीत आरोग्य पथके पोहोचली, पाण्याचे नमुने घेतले गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञही आले. गावात आधी बोट दाखवले गेले ते पाण्याकडे आणि शाम्पूकडे. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः केलेल्या तपासणीतून गव्हातील सेलेनियमवर ठपका ठेवला. न्हाणीघरात शोधला जाणारा आरोपी ताटात असू शकतो, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले.

ही घटना टोकाची होती, पण सवय घरोघरची आहे. केस गळाले की पहिली बदली होते शाम्पूच्या बाटलीची. तीन महिने एक, मग ‘सल्फेट फ्री’, मग कांद्याचा, मग मैत्रिणीने सांगितलेला महागडा. शाम्पू डोक्यावर घालायची पद्धत मात्र कुणी बदलत नाही. खरा फरक बहुतेकदा तिथेच पडतो. पण पद्धत बाटलीत भरून विकता येत नाही, म्हणून तिची जाहिरात होत नाही.

न्हाणे ही एक प्रक्रिया होती

मराठीत अंघोळ आणि न्हाणे हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आज न्हायचे आहे’ म्हटले की डोक्यावरून, एवढे घरात सगळ्यांना समजायचे. त्यासाठी आदल्या रात्री किंवा सकाळी तेल लावले जायचे, शिकेकाई उकळली जायची, रिठे भिजवले जायचे. कोकणात त्यात नारळाचा रस किंवा जास्वंदीची पाने आली. पाठीमागे बसून पाणी घालायला आई किंवा आजी असायची. एवढा घाट दर सुट्टीला घालणे आज कुणालाच परवडणारे नाही आणि ते पुन्हा सुरू करावे, असे इथे सुचवायचेही नाही. शिकेकाईचे कण केसांत अडकतात आणि डोळ्यांत गेले की काय होते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना विचारा.

मग आली पुडी. तमिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरून विकण्याची कल्पना रुजवली आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शाम्पू बाजारात आणला. पुढे रुपया, आठ आण्यांत शाम्पू खेड्यातल्या किराणा दुकानात लटकू लागला. सोय मोठीच झाली. पण जुन्या न्हाण्यातली साधने गेली तशी त्यातली क्रमवारीही गेली. आधी तेल, मग पातळ केलेले द्रावण, फक्त मुळांशी चोळणे, भरपूर पाण्याने धुणे हा क्रम सुटला आणि हातात उरला तो फेस.

फेस म्हणजे स्वच्छता नव्हे

शाम्पूच्या रेणूला दोन टोके असतात. एकाला पाणी आवडते, दुसऱ्याला तेल. तेल आवडणारी टोके टाळूवरच्या तेलकट मळाभोवती गोळा होतात, त्याची बारीक गोळी बनवतात आणि पाणी तिला वाहून नेते. या कामात फेसाचा वाटा नगण्य. उलट तेलामुळे फेस मरतो. म्हणूनच तेल लावलेल्या डोक्यावर पहिल्यांदा शाम्पू घातला की फेसच येत नाही. ‘चढला नाही’ म्हणून आणखी ओतला जातो. खरे तर पहिल्या हाताने तेल सुटते, दुसऱ्या हाताने टाळू धुतली जाते. तेल लावले असेल तर थोडा थोडा करून दोनदा शाम्पू करणे रास्त. तेल नसेल, केस रोज-दीड रोजाने धुतले जात असतील, तर दुसरा हात बहुधा उधळपट्टीच.

आता मुख्य मुद्दा. मळ आणि तेल असते टाळूवर. केसांच्या टोकांवर नसते. पण सवय अशी, की सगळे केस डोक्यावर गोळा करायचे आणि कपडे धुतल्यासारखे घासायचे. कमरेपर्यंतच्या केसाचे टोक काही वर्षे जुने असते. ऊन, कंगवा, ड्रायर, रंग सगळे सोसलेले. केसाचा बाहेरचा थर कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या खवल्यांचा असतो. ओला केस फुगतो, खवले उचलले जातात आणि तेव्हाच आपण तो एकमेकांवर रगडतो. टोके फाटणे, गुंता, राठपणा यांचा बराच भाग इथून येतो. शाम्पू टाळूवर बोटांच्या पेरांनी (नखांनी नव्हे) चोळायचा आणि धुताना तो टोकांवरून ओघळेल तेवढाच टोकांना पुरे. महागातला शाम्पू चुकीच्या पद्धतीने घालण्यापेक्षा स्वस्तातला अशा पद्धतीने घातलेला चांगला.

मगात शाम्पू पातळ करून घालण्याची अनेक घरांतली पद्धत काही जण कंजूषपणा समजतात. ती शहाणपणाची आहे. पातळ शाम्पू टाळूवर सारखा पसरतो, एकाच जागी गोळा होऊन बसत नाही आणि धुवायला पाणी कमी लागते. टँकरच्या दिवसांत लांब केस धुणाऱ्या बाईला या अर्ध्या बादलीची किंमत सांगावी लागत नाही. मात्र पाणी घालायचे ते मगात, बाटलीत नाही. बाटलीतला शाम्पू टिकतो तो त्यातल्या परिरक्षकांच्या ठरावीक प्रमाणामुळे. संपत आलेल्या बाटलीत पाणी भरून ती आठवडाभर न्हाणीघरात ठेवली, तर त्यात जंतू वाढायला वाव मिळतो.

तेल आधी की नंतर?

खोबरेल तेलाबाबतचा एक गाजलेला अभ्यास मुंबईत झाला. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना होती. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर लावल्यावर केसातील प्रथिनांची झीज कमी केली ती फक्त खोबरेल तेलाने. त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात, असे त्याचे स्पष्टीकरण. हे संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतले होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

दुसरे टोक पाहा. केस किती वेळा धुवावेत, यावर २०२१ मध्ये आशियाई व्यक्तींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाच-सहा वेळा धुणारे आपल्या केसांबाबत सर्वाधिक समाधानी होते आणि त्यामुळे केसांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही, असा त्याचा सूर होता. त्यामागे शाम्पू बनवणारी प्रॉक्टर अँड गॅम्बल होती. तेलवाल्यांना तेल चांगले दिसले, शाम्पूवाल्यांना शाम्पू! दोन्ही निष्कर्ष खोटे आहेत असे नाही. पण घरात वापरताना त्यांची सांगड घालावी लागते. ती अशी, की तेल केसांच्या लांबीला, धुण्याआधी अर्धा-एक तास. आणि टाळूला धुणे तिच्या गरजेनुसार. हेल्मेट घालून दुचाकीवर दोन तास काढणाऱ्याची किंवा लोकलमध्ये घामाने भिजणाऱ्याची टाळू एक दिवसाआड धुवावी लागेल. कोरड्या, कुरळ्या केसांना आठवड्यातून एक-दोनदा पुरे होते.

कोंडा असलेल्यांसाठी हिशेब वेगळा आहे. कोंड्याशी जोडलेली मॅलॅसेझिया ही बुरशी टाळूवरच्या तेलावरच जगते. ‘टाळू कोरडी पडली म्हणून कोंडा झाला’ असे समजून रात्रभर तेल थापणे म्हणजे तिला जेवण वाढणे. डॉक्टरांनी दिलेला कीटोकोनॅझोलचा शाम्पू वापरणाऱ्यांचीही एक ठरलेली चूक असते. लावला, फेस आला, धुतला. औषधाला टाळूवर तीन ते पाच मिनिटे मिळायला हवीत. पाकिटावर हे लिहिलेले असते, बारीक अक्षरांत. अर्ध्या मिनिटात धुऊन टाकलेले औषध ‘लागू पडत नाही’ म्हणून बदलले जाते.

बोअरच्या पाण्याचे काय?

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्ट खडकावर आहे आणि अनेक ठिकाणचे बोअरचे पाणी जड असते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. नव्या इमारतीत राहायला गेले आणि केस गळू लागले, ही तक्रार आता इतकी सार्वत्रिक आहे, की तिच्यावर एक बाजारपेठ उभी राहिली आहे.

पुरावा मात्र तेवढा पक्का नाही. कोइम्बतूरच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात जड पाण्याने धुतलेल्या केसांच्या ताकदीत लक्षणीय फरक आढळला नाही. नंतरच्या एका पाकिस्तानी अभ्यासात ताकद घटल्याचे दिसले. दोन्हींत मोजली गेली ती केसाची तुटण्याची ताकद, मुळातून गळणे नव्हे. जड पाण्याने केस राठ, निस्तेज वाटू शकतात. साबणाने डोके धुतले तर आणखीच, कारण कॅल्शियम आणि साबण मिळून न विरघळणारा पांढरट थर तयार होतो. शाम्पूत हा त्रास कमी असतो.

या बाजारात सर्वाधिक खपणारी वस्तू म्हणजे शॉवरला किंवा नळाला लावायचा मुठीएवढा फिल्टर. त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडायला हवा. पाण्याचा कठीणपणा लिटरमागे ४०० मिलिग्रॅम असेल, तर २० लिटरच्या बादलीत ८ ग्रॅम क्षार झाले. पाणी मऊ करणारे रेझिन लिटरमागे साधारण ५० ते १०० ग्रॅम क्षार धरते. फिल्टरमध्ये १०० मिलिलिटर रेझिन असले, तर त्याची क्षमता ५ ते १० ग्रॅम. म्हणजे एका बादलीतच काम आटोपले! पुढचे सहा महिने पाणी त्यातून नुसते वाहून जाते. कोळशाचे फिल्टर क्लोरिन कमी करतात, कॅल्शियमला हात लावत नाहीत. क्षार खरोखर काढायचे तर मिठाने पुन्हा ताजे करता येणारे मोठे सॉफ्टनर लागते आणि ते सोसायटीने मिळून बसवण्याचे काम आहे.

एकट्याने करण्यासारखा उपाय फुकटातला आहे. शेवटचे दोन मग आरओच्या शुद्ध पाण्याचे घ्यावेत. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी साठवता आले तर उत्तमच. फक्त आरओमधून वाया जाणारे पाणी डोक्यावर घेऊ नये. बचतीच्या उत्साहात अनेक घरांत ते न्हाणीघरात जाते, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. फरशी पुसायला ते ठीक.

‘नैसर्गिक’ पद्धतींचा खरेखोटेपणा

शाम्पू सोडून खाण्याच्या सोड्याने केस धुण्याचे व्हिडीओ अधूनमधून फिरतात. सोड्याचे पाणी अल्कधर्मी असते. केस आणि टाळू आम्लधर्मी असतात, टाळूचा सामू साधारण ५.५. अल्कधर्मी पाण्यात केस जास्त फुगतात, खवले उघडतात, घर्षण वाढते. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये १२३ शाम्पूंचा सामू मोजला, तेव्हा तो ५.५ किंवा त्याखाली असलेले शाम्पू केवळ ३८ टक्के निघाले. त्यामुळे प्रश्न फक्त सोड्याचा नाही. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, या बाबतीत आजी बरोबर होती. पण बाटलीवर शिकेकाईचे चित्र असले म्हणजे आत शिकेकाई असते असे नाही. घटकांच्या यादीत पाण्यानंतर ‘सोडियम लॉरेथ सल्फेट’ असेल, तर धुण्याचे काम तेच करते, शिकेकाई शोभेपुरती.

जीवनसत्त्वे आणि प्रथिनांनी ‘पोषण’ देणाऱ्या शाम्पूंबद्दलही एवढेच, की टाळूबाहेर आलेला केस मृत असतो. त्याला जेवू घालता येत नाही, फार तर त्याच्यावर मुलामा चढवता येतो. तो मुलामा चढवायचे काम कंडिशनर करतो आणि त्याची जागा कानाखालच्या लांबीला व टोकांना. केस विरळ, चपटे बसणारे असतील तर आधी कंडिशनर आणि मग टाळूला शाम्पू असा उलटा क्रम करून पाहण्यासारखा आहे. टोके झाकली जातात आणि केस चिकटत नाहीत.

जाळीतला पुंजका

न्हाल्यावर मोरीच्या जाळीत दिसणारा पुंजका पाहून अनेक मुली धुणेच कमी करतात. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते. चार दिवस न धुतलेल्या डोक्यात चार दिवसांचे सुटलेले केस अडकून असतात, ते एकदम बाहेर येतात. शाम्पूने ते सोडवलेले नसतात. धुणे लांबवले की पुंजका आणखी मोठा, भीती आणखी मोठी आणि तोवर टाळूवर कोंड्याचे थर.

जोराचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा एकदम कमी केलेला आहार यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात. मधल्या काळात आजारपण विसरलेले असते आणि समोर असते नुकतीच आणलेली बाटली, म्हणून खापर तिच्यावर फुटते. भांग रुंद होत असेल, गोल चकती पडली असेल, टाळू लाल होऊन खवले सुटत असतील किंवा पुंजका दोन महिन्यांत कमी झाला नसेल, तर पुढच्या शाम्पूचे पैसे त्वचारोगतज्ज्ञाला द्यावेत. ते गरजेप्रमाणे हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइडच्या तपासण्या सांगतील. जाताना आधीच्या सहा महिन्यांतली आजारपणे आणि औषधे लिहून न्यावीत. आणि त्या दिवशी केसांना तेल लावून जाऊ नये, डॉक्टरांना टाळू नीट दिसत नाही.