दारावरची पाटी आणि नोंदवहीतले नाव

घरी मसाले करून विकणाऱ्या गृहिणीपासून निवृत्तीनंतर कुलवृत्तांत जुळवीत बसलेल्या आजोबांपर्यंत कोणीही आज इंटरनेटवर स्वतःच्या नावाची पाटी लावू शकतो. वर्षाला काही शे रुपये भरले की ‘डोमेन नेम’, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आपला होतो. अर्जात नाव, घरचा पत्ता, फोन, ई-मेल विचारतात. आपण ते भरतो आणि विसरून जातो. ती माहिती पुढे कोणाच्या नजरेस पडते, हा प्रश्न सहसा पडत नाही.

१९८२ साली अमेरिकेतील ‘आर्पानेट’ या संशोधकांच्या जाळ्यासाठी ‘हूइज’ नावाची सोय झाली. जाळ्यावर कोण आहे, त्याचा पत्ता-फोन काय, हे कोणालाही विचारता यावे, एवढाच हेतू. मंडळी मोजकी, बहुतेक एकमेकांच्या ओळखीची. वाड्यातल्या बिऱ्हाडांची यादी जिन्यात टांगावी तसा तो प्रकार. पुढे वाड्याचा बाजार झाला, तरी यादी जिन्यातच राहिली. धंदेवाल्यांचे फोन, नको ती पत्रे सुरू झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ या कंपनीवर कारवाई केली. नूतनीकरणाच्या बिलासारखी पत्रे पाठवून लोकांची नोंदणी नकळत आपल्याकडे वळवून घेते, असा तिच्यावर आरोप होता. हा झाला पैशांचा भुर्दंड. पण घरातून धंदा करणाऱ्या एकट्या बाईचा, किंवा गावातल्या गैरकारभारावर लिहिणाऱ्या माणसाचा राहता पत्ता चव्हाट्यावर असणे ही निव्वळ उपद्रवाची बाब नव्हे.

२५ मे २०१८ रोजी युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला, तेव्हा कुठे डोमेन नावांचे नियम ठरवणारी ‘आयकॅन’ हलली. युरोपातल्या माणसांची माहिती झाकणे नोंदणी कंपन्यांना भाग पडले. इतरांच्या बाबतीत मुभा मिळाली. ही ‘मुभा’ आपण नीट वाचली पाहिजे. आपला पत्ता झाकला जातो की नाही, हे आपण कोणत्या कंपनीकडे नोंदणी केली यावर अवलंबून आहे.

झाकाझाकीला विरोध करणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. बँकेच्या नावाने खोटी वेबसाइट काढून लोकांना लुबाडणाऱ्यालाही हाच पडदा मिळतो. पण माझी हयात बँकेत गेली, आणि बँकेने हा तिढा फार पूर्वीच सोडवलेला आहे. लंडनमध्ये एका व्यवस्थापकाने खातेदाराचा पत्ता हवा म्हणून त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलता बोलता त्याची उचल व जुगाराचा संशय सांगून टाकला. बिचाऱ्याची नोकरी गेली. १९२४ च्या त्या टूर्निए खटल्यात न्यायालयाने सांगितले की बँकेने गुप्तता पाळलीच पाहिजे. अपवाद चारच: कायद्याची सक्ती, जनहिताचे कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि खातेदाराची संमती. म्हणजे खातेवहीत माहिती पूर्ण व खरी. ती उघडायची ती कारण दाखवल्यावर. खातेदारांची यादी पत्त्यांसह शाखेच्या फलकावर लावा, म्हणजे चोर सापडतील, असे कोणी म्हटले नाही.

म्हणून खोटा पत्ता लिहून सुटका करून घेण्याचा मोह नको. नोंदणीनंतर ई-मेल किंवा फोनची पडताळणी होते. पंधरा दिवसांत उत्तर दिले नाही तर नाव स्थगित होऊ शकते, आणि जाणूनबुजून खोटे लिहिल्यास रद्दही. ‘डॉट इन’ची व्यवस्था पाहणारी ‘निक्सी’ तर दुसऱ्याच्या नावाआड नोंदणी करूच देत नाही. खरी माहिती तिला हवीच. सार्वजनिक नोंदीत मात्र व्यक्तीचे नाव-फोन झाकलेले असतात. मला ही पद्धत पटते.

इतर नावांसाठी कंपन्या ‘प्रायव्हसी’ म्हणून जी सेवा देतात, तिचे दोन प्रकार आहेत. एकात नाव आपलेच, फक्त संपर्काचा पत्ता कंपनीचा. दुसऱ्यात कागदोपत्री मालकच ती कंपनी! हे बेनामी खरेदीसारखे झाले. सगळे सुरळीत आहे तोवर काही बिघडत नाही. २००७ मध्ये ‘रजिस्टरफ्लाय’ ही अमेरिकी कंपनी बुडाली, तेव्हा अशा आडोशामागच्या ग्राहकांना आपले नाव आपलेच आहे हे सिद्ध करताना नाकी नऊ आले. सेवा घेण्यापूर्वी मालक म्हणून कोणाचे नाव लागते, एवढे विचारून घ्यावे.

अर्जात ‘संस्था’ असा एक रकाना असतो. रिकामा कसा ठेवायचा म्हणून पुष्कळजण तिथे पुन्हा स्वतःचेच नाव लिहितात, आणि बाकी सारे झाकले तरी बरेचदा तो रकाना उघडा राहतो. संस्था नसेल तर तो कोरा सोडावा. नोंदणीसाठी वेगळा ई-मेल ठेवावा. मात्र तो अधूनमधून उघडावा, कारण नूतनीकरणाची सूचना तिथेच येते.

ज्यांनी २०१८ पूर्वी नाव घेतले, त्यांची गोष्ट निराळी. उघड्या वहीच्या नकला उतरवून विकणाऱ्या कंपन्या आहेत. आज पडदा ओढला तरी ते जुने पान त्यांच्या कपाटात राहते. मध्यंतरी घर आणि फोन बदलला असेल, तरच ते निरुपयोगी.